घर जळगावात, मालक पुण्यात: भाड्याच्या घराला मॅनेजर ठेवायचा का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जळगावात महाबळला घर, खाली टू बीएचके १०,००० ने दिलेलं, वर दोन वन बीएचके ६,५०० ने, म्हणजे महिन्याला २३,००० येताहेत. तुम्ही पुण्याला नोकरीत, धाकटा भाऊ अमेरिकेत, वडिलांच्या मागे घर दोघांच्या नावावर झालेलं. इतके दिवस शेजारचे काका लक्ष ठेवायचे, ते आता मुलाकडे नाशिकला चालले, आणि एकाने सांगितलंय की मला द्या, भाड्याच्या ८% घेईन आणि नवीन भाडेकरू आणला की एक महिन्याचं भाडं. वरच्या एका भाडेकरूने मे अखेरीला सोडतो म्हणून सांगितलंय त्यामुळे तुमची घाई चाललीय. ठेवू का नको एवढंच विचारलंय तुम्ही, पण उत्तर एवढंसं नाहीये, चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते सांगते. मी हाच धंदा करते. सासऱ्यांच्या भुसावळला नऊ खोल्या होत्या, सगळे रेल्वेवाले भाडेकरू, त्या सांभाळता सांभाळता शिकले, आता २१ वर्षं झाली. आज स्वतःची चार घरं आणि बाहेरगावच्या मालकांची मिळून ३८ दारं माझ्याकडे आहेत. म्हणजे मी "ठेवा" म्हटलं की त्यात माझ्या धंद्याची बाजू आलीच, हे धरूनच पुढचं वाचा. तरी माझ्याकडे चौकशीला येणाऱ्यांतले बरेच जण मी परत पाठवते, कारण त्यांना मॅनेजर नको असतो, चावी ठेवणारा एक भरवशाचा माणूस हवा असतो, आणि त्या कामाचे ८% घेतले तर सहा महिन्यांत तोच मालक मला शिव्या देतो.

आता पैशाचं आधी उरकून टाकू कारण सगळे तिथूनच सुरू करतात. २३,००० चे ८% म्हणजे १,८४०, वर्षाला २२,०८०. वरचं एक घर वर्षातून एकदा रिकामं होऊन परत गेलं की त्याचे ६,५०० वेगळे, झाले २८,५८०. मधे नळ बदलला, मोटर बांधली, त्यात प्लंबरच्या बिलावर मॅनेजरने थोडं चढवलंच, तर तीस हजार धरा. वर्षाचं भाडं तुमचं २,७६,०००. म्हणजे ८% म्हणता म्हणता ११% च्या आसपास गेलं. माणूस रजिस्टर्ड फर्मवाला असेल तर त्याच्या फीवर १८% जीएसटी आणखी. तीस हजारात तुम्ही पुण्याहून जळगावला वर्षातून आठ-दहा चकरा आरामात मारू शकता, रजा मिळाली तर.

पण तीस हजार वाचवायच्या नादात खालचं घर तीन महिने रिकामं राहिलं की तीस हजार तिथेच गेले. आमच्याकडे घर रिकामं राहायलाही मुहूर्त असतात बघा. एप्रिल-मेमधे सरकारी बदल्या होतात, बँकवाले बदलतात, जूनमधे शाळा-कॉलेज, तेव्हा घर आठ दिवसात जातं. तेच घर गणपतीत रिकामं झालं की पुढे पितृपक्ष, त्यात कोणी सामान हलवत नाही, थेट दसऱ्याला माणूस येतो. त्यामुळे जो मॅनेजर भाडेकरूला महिनाभर आधी विचारून ठेवतो की दादा तुम्ही राहणार का निघणार, आणि निघणार असेल तर तो असतानाच घर दाखवायला लागतो, तो त्याच्या ८% पेक्षा जास्त कमवून देतो. आणि जो घर रिकामं झाल्यावर बोर्ड लावतो तो फुकटही महाग पडतो.

यातच एक गंमत आहे जी तुमच्या लक्षात आली नसेल. तुमच्या माणसाला भाडेकरू टिकला तर महिन्याला १,८४० मिळतात तिन्ही घरांचे मिळून, आणि खालचा एक बदलला की एका झटक्यात १०,०००. मग त्याला भाडेकरू टिकवण्यात काय रस? तो मुद्दाम घालवेल असं मी म्हणत नाही, पण भाडेकरू म्हणाला की बाथरूमचा नळ गळतो आणि पंधरा दिवस कोणी आलं नाही, तर त्या पंधरा दिवसात मॅनेजरचं काहीच जात नाही, तुमचं जातं. म्हणून मी माझ्या मालकांबरोबर उलटं ठरवलंय, नवीन भाडेकरूचे अर्ध्या महिन्याचे घेते, तो ११ महिन्यांच्या आत गेला तर पुढच्या वेळी काहीच घेत नाही, आणि तोच भाडेकरू करार वाढवून राहिला तर मला हजार रुपये. पहिल्यांदा मालक हसतात, भाडेकरू जागचा हलला नाही त्याचे पैसे कसले म्हणून. पण टिकवायलाच काम लागतं.

काम काम म्हणतो आपण, ते असतं तरी काय? लोकांना वाटतं भाडं गोळा करणं हे मोठं काम. ते वीस वर्षांपूर्वी होतं, मी स्वतः लुनावर पावती पुस्तक घेऊन फिरायचे दर महिन्याच्या पाच तारखेला, आता भाडेकरू फोनवरून टाकतो, तुमच्या खात्यात येतं, त्यात मधे माणूस कशाला. उरतं ते वेगळंच. घर दाखवणं, कारण संध्याकाळी सात वाजता कोणी फोन केला आणि साडेसातला चावी घेऊन कोणी उभं नसलं की तो गिऱ्हाईक दुसरीकडे गेला. दुरुस्तीला माणूस आणून उभं राहणं. आणि अधूनमधून घरावर एक नजर. बास. याच्यात वर्षाचे दहा महिने फार काही होत नाही, सगळं येऊन पडतं ते एप्रिल-मेमधे.

तुम्ही इथे वाढलेले, तुम्हाला काय सांगायचं, पारा ४४-४५ ला गेला की वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली राहणाऱ्याचे हाल काय होतात. पण पुण्यात राहून विसरायला होतं. वरच्या दोन्ही घरांना कूलर लागणार, कूलर खिडकीत बसवायला स्टँड नसेल तर भाडेकरू स्वतः ग्रील वाकवतो, कूलरचं पाणी भिंतीत मुरतं, खालच्याच्या बेडरूमला ओल येते, मग खालचा वरच्याशी भांडतो आणि दोघं तुम्हाला फोन करतात. जळगाव २००३ ला महापालिका झालं पण पाणी अजून रोज येत नाही, त्यामुळे टाकी किती लिटरची, कोणाची कोणती, मोटर कोण लावणार, यावरून तीन बिऱ्हाडांत मे महिन्यात जेवढी भांडणं होतात तेवढी वर्षभरात भाड्यावरून होत नाहीत. हे फोनवर मिटत नाही. यातलं निम्मं मात्र आधीच मिटवता येतं. प्रत्येक घराला वेगळी टाकी, वेगळा कॉक, खिडकीला लोखंडी स्टँड, गच्चीला पांढरा हीटप्रूफ रंग. तुम्ही हे एकदा केलं की मॅनेजरचं निम्मं काम संपतं. मी नवीन मालकाला आधी हेच सांगते आणि तो म्हणतो खर्च नको, तुम्ही बघून घ्या. म्हणजे दरवर्षी मला पैसे देईन पण टाकीला देणार नाही, आता याला काय म्हणावं.

दुसरं, अंतराचा विचार लोक फार करतात. मी पुण्यात, घर ४०० किलोमीटर, म्हणून मॅनेजर पाहिजे. मला विचाराल तर भाडेकरू कोण आहे याच्यावर जास्त ठरतं. भुसावळला माझ्याकडे रेल्वेचा एक माणूस सात वर्षं राहिला, बदली झाली तेव्हा गेला, त्या सात वर्षात त्याच्या मालकाने मला किती पैसे दिले याची मलाच लाज वाटायची, शेवटी मीच म्हटलं की भाऊ महिन्याचं बंद करा, गरज लागली तर बोलवा. रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी, बँक, शिक्षक, असा पगारदार फॅमिलीवाला भाडेकरू असला तर मालक अमेरिकेत असला तरी चालतं. आणि त्याच्या उलट, मालक गल्लीच्या तोंडाशी राहत असला आणि घरात कॉलेजची सहा पोरं कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेमागे भाडं घेऊन, ठेवली असली तर त्याला रोजचा माणूस लागतोच.

पोरांवरून आठवलं. एका मालकाचं वरचं घर मी इंजिनिअरिंगच्या चार पोरांना दिलं होतं, पोरं खरंच चांगली, भाडं एक तारखेला. डिसेंबरात त्यांनी गच्चीवर भरीत पार्टी केली. आता भरीत पार्टीला ना म्हणायची खान्देशात कोणाची टाप आहे? पण गड्यांनी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आणून थेट गच्चीच्या फरशीवर पेटवल्या, वांगी भाजली, भरीत झालं, मला पण डबा आणून दिला, आणि जूनच्या पहिल्या पावसात खालच्या हॉलच्या छतातून पाणी. वॉटरप्रूफिंग जळून तडकलं होतं. आता माझ्या प्रत्येक करारात एक ओळ असते, गच्चीवर चूल किंवा आग पेटवायची असेल तर खाली विटांचा थर आणि पत्रा. वकील हसतो, हसू दे.

माझे सासरे मूळचे यावल तालुक्यातले, केळीवाले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल ठरायचं तेव्हा ते म्हणायचे, "सालदाराले काम सांगाचं भो, वावर नही द्याचं सांभाळाले." नांगरटी कर, पाणी दे, बैल सांभाळ, पण केळी कोणत्या व्यापाऱ्याला द्यायची आणि पैसा कोणाच्या हातात यायचा हे मालकाचं. मॅनेजरचं मला तसंच वाटतं. पुण्या-मुंबईचे मालक एक तर काहीच देत नाहीत, नाहीतर कंटाळून सगळंच देऊन टाकतात, भाडेकरू कोण ते तूच ठरव, डिपॉझिट तूच ठेव, करार तूच कर, मला महिन्याला पैसे पाठव म्हणजे झालं. हे दुसरं जास्त वाईट.

कारण कायद्याने मालक तुम्हीच राहता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, त्याच्या कलम ५५ मधे सरळ लिहिलंय की करार लेखी पाहिजे, रजिस्टर पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची, मॅनेजरची नव्हे. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अजूनही लोक म्हणतात ११ महिन्यांचा आहे ना मग रजिस्टर कशाला, स्टॅम्पवर नोटरी करून टाकू. महाराष्ट्रात तसं चालत नाही, ११ महिन्यांचाही रजिस्टर करायचा. आणि त्याच कलमात पुढे जे आहे ते जास्त चावतं, करार रजिस्टर नसला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

हे मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या काळात ओळखीतला माणूस म्हणून एका मालकाचा फ्लॅट मी साध्या स्टॅम्पवर दिला, डिपॉझिट २०,००० रोख घेतलं, पावती पुस्तक संपलं होतं म्हणून नंतर देते म्हटलं आणि विसरले. निघताना तो म्हणतो ४०,००० दिले होते. बरं तो खोटारडा आहे म्हणावं तर माझ्याकडे कागदच नाही. मालक बिचारा सुरतला, त्याने फोनवर फक्त एवढंच म्हटलं की ताई तुमच्या भरवशावर होतो ना मी. वरचे वीस हजार मी माझ्या खिशातून दिले. पण मी दिले म्हणून. मी हात वर केले असते तर भांडण कोणाबरोबर होतं, मालकाबरोबरच.

आणि खर्च असा काय येतो? स्टॅम्प ड्युटी म्हणजे सगळ्या महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १०% ने धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. तुमच्या खालच्या घराचं ११ महिन्यांचं १,१०,०००, डिपॉझिट ३०,००० धरलं तर त्यावर २,७५०, बेरीज १,१२,७५०, पाव टक्का म्हणजे २८२ रुपये, तीनशेच्या घरात. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन होतं, तुम्ही पुण्यात अंगठा द्या, भाडेकरू इथे देईल, सब रजिस्ट्रारच्या ऑफिसात खेटे नाहीत. त्यामुळे मॅनेजर जर म्हणाला की सही करायला मला कुलमुखत्यारपत्र द्या, तर अजिबात देऊ नका, भाडेकराराला त्याची गरज उरलेली नाही, आणि कुलमुखत्यारपत्र एकदा दिलं की त्यात काय काय लिहिलंय हे लोक कधीच नीट वाचत नाहीत. तसंच पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती देणं, ते मॅनेजरने करावं पण पोच तुमच्या फोनमधे पाहिजे, कारण उद्या काही झालं तर पोलीस मालकाचं नाव विचारतात.

आणखी एक, काही मॅनेजर छाती पुढे काढून सांगतात की भाडं थकलं तर लाईट-पाणी कापतो, दोन दिवसात सुतासारखा सरळ येतो. असं म्हणणारा माणूस तिथेच नापास. लाईट-पाणी तोडणं याच कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात तुम्ही अडकता. करार नीट रजिस्टर असला तर मुदत संपूनही न निघणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, कॉम्पिटंट अथॉरिटीकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करून घर सोडवता येतं. ती वाट लांबची आहे पण सरळ आहे. मी २१ वर्षात दोनदाच गेले तिथपर्यंत, बाकी वेळेला कराराची प्रत टेबलावर ठेवून चहा पाजला की मिटतं.

तुमच्या भावाबद्दल लिहायलाच पाहिजे कारण तुम्ही ते सहज लिहून गेलात. घर दोघांच्या नावावर आणि भाऊ अमेरिकेत म्हणजे टॅक्सच्या भाषेत तो अनिवासी. त्याच्या वाट्याच्या भाड्यावर भाडेकरूने टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारला भरायचा टॅक्स, कापायचा असतो, ३०% आणि वर सेस म्हणजे ३१.२%, आणि इथे रक्कम छोटी आहे म्हणून सूट असं काही नाही. निवासी मालकाच्या बाबतीत महिन्याला ५०,००० च्या वर भाडं गेलं तर प्रश्न येतो, अनिवासीच्या बाबतीत पहिल्या रुपयापासून. आता ६,५०० भाडं देणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार आणि तो कुठे भरत बसणार. तुमच्या माणसाला हे विचारून बघा, तो ततपप करेल. याला मॅनेजर उपाय नाही, सीए उपाय आहे, कमी दराने टीडीएसचा दाखला काढता येतो, किंवा भाऊ-भाऊ घराचं काय करायचं ते कागदावर ठरवून घ्या. आणि मॅनेजरची फी टॅक्समधे वेगळी वजा होते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. घरभाड्याच्या उत्पन्नात महापालिकेची घरपट्टी भरलेली वजा जाते आणि उरलेल्यावर सरसकट ३०% ची वजावट मिळते, खर्च शून्य झाला तरी ३०, पन्नास झाला तरी ३०. मॅनेजर, रंग, प्लंबर सगळं त्यातच आलं.

आता फसवणुकीचं एक सांगते, नाव-गाव काढत नाही. एका बाईंचा फ्लॅट दुसऱ्या एका मॅनेजरकडे होता, त्या स्वतः ठाण्याला. त्याने सांगितलं ताई मार्केट डाऊन आहे, चार महिन्यांपासून घर रिकामं. त्या माझ्याकडे आल्या की तुम्ही तरी भाडेकरू शोधा. मी म्हटलं महावितरणच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक द्या. फोनवरच बिल काढलं, मागच्या महिन्यांच्या युनिटचा तक्ता असतो त्यात, एप्रिलमधे २१० युनिट, मे मधे २४०. रिकाम्या घरात कूलर कोण चालवत होतं? जाऊन पाहिलं तर एक कुटुंब चार महिन्यांपासून राहतंय आणि दर महिन्याला मॅनेजरला रोख भाडं देतंय, त्यांना वाटतंय हाच मालक. तेव्हापासून मी माझ्या स्वतःच्या मालकांनाही सांगते, तुमच्या मीटरचा ग्राहक क्रमांक तुमच्या मोबाईलला जोडून ठेवा आणि दर महिन्याचं युनिट बघत जा. माझ्यावर पण भरवसा ठेवू नका. बिल थकलंय का ते पण कळतं, कारण भाडेकरू गेल्यावर थकबाकी तुमच्याच मीटरवर राहते.

कोणी म्हणेल मग नात्यातलाच माणूस ठेवा, फुकटात बघेल. फुकट कोणी बघत नाही हो. चोपड्याकडच्या एका मालकाने आतेभावाला चाव्या दिल्या होत्या, सहा महिन्यांनी आले तर एका खोलीत आतेभावाच्या हरभऱ्याची पोती, दुसऱ्या खोलीत आतेभावाच्या मेहुण्याचा पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, भाडं मागायचं कोणाकडे? मॅनेजरला काढता येतं, आतेभावाला काढायला लग्नकार्यात तोंड लपवावं लागतं. शेजारचे काका निघाले ते तुमचं नशीब चांगलं म्हणा, निदान कटुता न येता सुटलं. आणि एखाद्या कुटुंबाला एक खोली राहायला देऊन घर बघायला ठेवायचा विचार असेल तर कागद केल्याशिवाय नको, की हा नोकरीचा भाग म्हणून राहतोय, पगार इतका, काम संपलं की खोली सोडायची. केअरटेकर कितीही वर्षं राहिला तरी त्याला घरात हक्क येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मधे स्वच्छ सांगितलंय, पण ते तुमच्या घरापर्यंत पोचवायला तुम्हाला कोर्टाची पायरी चढावी लागेल, त्याला फक्त बसून राहायचंय.

मॅनेजर ठेवायचाच झाला तर त्याच्याशी बोलताना टक्केवारीवर घासाघीस करू नका, ७ का ८ याने काही होत नाही. मी मालक असते तर त्याला विचारलं असतं की तुझ्याकडे आत्ता किती घरं आहेत आणि त्यातली रिकामी किती, मागच्या मे मधे कोणाची मोटर जळली तेव्हा किती तासात चालू केली आणि कोणाकडून, आणि बाहेरगावच्या तीन मालकांचे नंबर दे, त्यातला एक असा की ज्याने तुला सोडलंय. हा शेवटचा नंबर देणारा माणूस मिळाला की बाकी काही विचारू नका. फी जमा झालेल्या भाड्यावर, ठरलेल्या भाड्यावर नाही, म्हणजे घर रिकामं असताना त्याचंही मीटर बंद. भाडं आणि डिपॉझिट थेट तुमच्या खात्यात. १,५०० पर्यंतची दुरुस्ती न विचारता करावी, त्याच्यावर फोटो पाठवून विचारावं, बिल दुकानदाराचं पाहिजे, स्वतःच्या हाताने लिहिलेलं चालणार नाही. एक महिन्याच्या नोटिसीवर दोघांनाही सुटता यावं, आणि सुटताना चाव्या, कराराच्या प्रती, भाडेकरूंचे नंबर परत. भाडेकरू निवडताना शेवटचं होय तुमचं. आणि एक मुद्दाम सांगते, मॅनेजर लोक परस्पर जात-धर्म विचारून माणसं दारातूनच परत पाठवतात आणि मालकाला कळवतही नाहीत, मग घर दोन महिने का रिकामं आहे ते मालकाला कळत नाही. कोण येऊन गेलं आणि का नाही म्हटलं, हे दर आठवड्याला मागत जा.

बरं, तुमचं. तीन दारं, खालचा भाडेकरू चार वर्षांपासून आहे आणि बँकेत आहे असं तुम्हीच लिहिलंय, वर एक नवरा-बायको नोकरीवाले, हलणारं फक्त एक दार. एवढ्यासाठी मी तरी महिन्याचे १,८४० घेतले नसते. माझ्या हिशोबाने पाच-सहा दारांच्या खाली, भाडेकरू फॅमिलीवाले असतील तर पूर्ण मॅनेजर परवडत नाही. तुम्हाला पाहिजे तो महिन्याला हजार रुपयांवर चावी ठेवणारा, गल्लीतलाच, रिटायर झालेला किंवा किराणा दुकानवाला, ज्याच्याकडे एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन फोनवर येतो, आणि जो महिन्यातून एकदा गच्ची, टाकी, मीटर बघून चार फोटो टाकतो. घर दाखवायचं काम एजंटला वेगळं द्या, अर्ध्या महिन्यावर तयार होतात, दोघा-तिघांना एकदम सांगितलं तरी चालतं. करार, पैसा, होय-नाही तुमच्याकडे. ज्या दिवशी वरचं घर पोरांना कॉट बेसिसवर द्यायचं ठरवाल, त्या दिवशी हा सगळा हिशोब बदलेल, तेव्हा परत विचारा.

वरचा मे अखेरीला निघतोय ना, मग आखाजीला दोन दिवसांची रजा टाकून या. नुसतं पुरणपोळी-आमरसाला येऊ नका, वरच्या दोन्ही खिडक्यांना स्टँड बसवा, टाक्या वेगळ्या करून घ्या, गच्चीला रंग मारा, भाडेकरू घरात असतानाच एजंटला आणून दाखवा, बदल्यांची माणसं तेव्हाच फिरत असतात. आणि नाशिकला जायच्या आधी काकांना विचारा की इतकी वर्षं प्लंबर कोणता बोलवायचे, तो नंबर त्यांच्या वहीतच असेल, फोनमधे नसेल.